शब्बाथाला दमायचं कसं?

शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विसावा. सोपं वाटतंय ना? तिथेच फसता तुम्ही. विसावा आडवं पडून मिळत नसतो, तो शुक्रवारी दुपारी घाम गाळून कमवायचा असतो. फ्रिजमधला दिवा काढून ठेवा, नाहीतर दार उघडलं की पेटेल. टॉयलेट पेपर आधीच फाडून ठेवा, कारण फाडणं हे काम आहे. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमग्रंथात शब्बाथाला वर्ज्य अशी 39 कामं मोजून दिली आहेत. नुसती दोन अक्षरं लिहिलीत तरी दोष लागला म्हणून समजा.

शेंगदाणे खाताना तर फारच जपा. खवट दाणा वेचून बाजूला टाकलात, तर ते ‘निवडणं’ झालं. चांगला दाणा उचलून थेट तोंडात टाकलात, तर ते खाणं. (वाडगा तोच, हातही तोच. शंका काढू नका, आज सुट्टी आहे.)

तान्हं बाळ कडेवर घेऊन रस्त्यावर निघायचंय? घराबाहेर काही उचलून नेणं हेही कामच. मग मॅनहॅटनला राहायला जा. तिथे बऱ्याचशा भागाभोवती खांबांवरून तार ओढली आहे. तिच्या आत सगळं एक घर धरतात. दर आठवड्याला ती तपासतात. तार तुटली की घराचा पुन्हा रस्ता होतो, बाळ मात्र तेवढंच जड राहतं.

जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ खुशाल मोडावा, असं रब्बींनीच, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनीच सांगून ठेवलंय. या सवलतीचा फार गवगवा करू नका. येशूच्या भुकेल्या शिष्यांनी शब्बाथाला शेतातली कणसं मोडली, तेव्हा परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या काटेकोर ज्यू पंथातल्या लोकांना, आधी नियम दिसला, भूक नाही. डोळा असा तयार हवा.

आणि कोकणातल्या बेने इस्राएलींचं, म्हणजे आपल्या मराठी ज्यूंचं, अनुकरण तर अजिबात नको. घाण्यावर तेल गाळणारी ही माणसं शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणायचे. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे 39 कामांची चर्चा करणारे ग्रंथ नव्हते. घाणा थांबला की बैलही सुटायचा, एवढाच त्यांचा शब्बाथ. आता दासदासींना आणि बैलालाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असं बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय खरं. पण बैलाने काय मिश्ना वाचलाय?

असो. लिफ्ट आली बघा. शब्बाथाची आहे, प्रत्येक मजल्यावर आपली आपण थांबते. तुम्ही विसाव्या मजल्यावर राहता ना? बटणाला हात लावू नका. उभे राहा.