एक्सरे साफ होता, मग परत कशाला? भाऊंच्या कमेंटला उत्तर

भाऊ, तुमचं म्हणणं असं की सिकल सेल असलेल्या पुतण्याचा पहिला एक्सरे साफ आला होता, तरी माझ्यासारखे डॉक्टर दोन दिवसांनी परत काढायला लावतात म्हणजे बिल वाढवायचा धंदा, छातीत दुखलं तर अँटिबायोटिक द्यावं आणि सोडावं. राग समजतो, गडचिरोलीच्या आतल्या गावातून आलं की मजुरी बुडतेच.

पण सिकलमध्ये, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजारात, खरी गोम तिथेच आहे. पोरगं येतं हातपाय, कंबर दुखते म्हणून, छातीचं नावही नसतं, एक्सरे साफ, आणि दोन-तीन दिवसांनी वॉर्डात दम लागायला लागतो. परत एक्सरे काढला की फुप्फुसात नवा डाग दिसतो, याला अक्यूट चेस्ट सिंड्रोम म्हणतात. २००० साली ३० सेंटरचा अभ्यास छापून आला होता, ५३८ पेशंट, ६७१ वेळा हा प्रकार, आणि त्यातले जवळपास निम्मे मुळात भरती झाले होते दुसऱ्याच कारणासाठी, बहुतेक दुखण्यासाठीच.

होतं काय, बरगडी दुखते म्हणून पोरगं अर्धाच श्वास घेतं, फुप्फुसाचा खालचा भाग दबतो, त्यात हाडातली चरबी सुटून रक्तातून तिथे जाऊन अडकते, कधी इन्फेक्शन, कधी सगळंच एकदम, आणि ऑक्सिजन घसरला की पेशी अजून वाकड्या होतात. स्टेथोला कधीकधी काही ऐकूच येत नाही. म्हणून मी आधी बोटावरचं ऑक्सिमीटर बघतो, नेहमी ९७ असणारा ९३ वर आला की परत एक्सरे, आणि एचबी (हिमोग्लोबिन) पडलंय का तेही. अँटिबायोटिक मीपण देतो हो, पण चरबी अडकली असेल तर ते काय करणार? तिथे रक्त चढवायचं की बदलायचं हे वेळेत ठरवावं लागतं.

आपल्याकडे अजून एक, एक्सरेत डाग दिसला की टीबी. दोन दिवसांत उगवलेला डाग सहसा टीबीचा नसतो, खोकला दोन आठवडे चालू असेल तर थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) करा ना, नुसत्या डागावर गोळ्या कशाला.

सीटी स्कॅन प्रत्येकाला नको, हे मात्र तुमचं बरोबर. मी आधीच्या पोस्टमध्ये सरसकट लिहिलं होतं, ती बदललीय. फुप्फुसात रक्ताच्या गुठळीची शंका असेल किंवा चित्र जुळत नसेल तेव्हाच.

आणि तो तीन बॉलवाला स्पायरोमीटर, खोल श्वास ओढून बॉल वर उचलायचं साधन, ज्याला तुम्ही खेळणं म्हणालात! १९९५ च्या एका छोट्या अभ्यासात दुखण्यासाठी भरती झालेल्या सिकल पेशंटनी असा स्पायरोमीटर वापरला तेव्हा १९ पैकी एकदाच छातीत बिघाड झाला, न वापरता १९ पैकी ८ वेळा. जागेपणी दर दोन तासांनी दहा श्वास, एवढंच.

पुतण्या बरा असताना त्याचा ऑक्सिजन किती असतो ते सिकल कार्डावर लिहिलंय का? नसेल तर या आठवड्यात मोजून घ्या.