‘फॉर्म चिकटवा आणि विसरा’ म्हणणाऱ्यांना

सोलापुरात चादर-टॉवेल आणि युनिफॉर्मवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘वेबसाइटचा फॉर्म मेलच्या यादीला जोडायला डेव्हलपर कशाला? एपीआय की पेजमध्ये टाका, कन्फर्मेशन मेल बंद करा, जुने सगळे पत्ते यादीत ओता, दुकानाच्या जीमेलवरूनच ऑफर पाठवा. दहा मिनिटांचं काम, नंतर बघायलाही नको.’

दहा मिनिटांचं म्हणाल, तर ते खरंय. यादीला मेल पाठवणाऱ्या मेलचिंपसारख्या सेवा तयार फॉर्मचा कोड देतात. तो पानात चिकटवला की नाव आणि ईमेल थेट यादीत. एवढ्याच कामाचं कुणी भलंमोठं कोटेशन दिलं तर मालक, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. भानगड आहे ती बाकीच्या सल्ल्यांत.

आधी एपीआय की, म्हणजे तुमच्या वेबसाइटला मेलसेवेचं खातं उघडून देणारा गुप्त कोड. तयार फॉर्मला ती लागतच नाही. स्वतःच्या डिझाइनचा फॉर्म करून तो एपीआयने जोडायचा असेल तर लागते, आणि तेव्हा तिची जागा सर्व्हरवर. पेजमध्ये टाकली तर ‘व्ह्यू सोर्स’ करून पानाचा कोड बघणाऱ्या कुणालाही ती दिसते, आणि जी की नाव घालू शकते ती अख्खी यादी उतरवूनही देते. चाटी गल्लीतला कुठला दुकानदार गल्ल्याची किल्ली शटरला लटकवून घरी जातो? शिवाय मेलचिंपचा एपीआय ब्राउझरमधून थेट आलेली विनंती चालवूनच घेत नाही. मग कुणीतरी इंटरनेटवरून ‘नो-कॉर्स’चा, म्हणजे ब्राउझरला सेवेचं उत्तर वाचूच न देणारा जुगाड उचलतो. लाल एरर गायब होते, पानावर ‘धन्यवाद’ झळकतं आणि यादीत एक नाव पडत नाही.

कन्फर्मेशन मेल म्हणजे ‘यादीत यायचंय ना? मग लिंक दाबा’ असा पुष्टीचा मेल. तो बंद करण्यामागचं कारण मेसेजमध्ये असं दिलंय की लोक लिंक दाबत नाहीत आणि गिऱ्हाईक हातचं जातं. काही जातात, हे मान्य. पण त्या लिंकपाशी आणखी कोण अडतं तेही बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्याचा फॉर्म घ्या: नाव, ईमेल, गाव, ‘काय हवंय’. हॉटेलचा परचेसवाला घाईत ‘डॉट कॉम’चं ‘डॉट कॉन’ करतो. दुसरा कुणी नको ती कटकट म्हणून भलत्याचाच पत्ता ठोकतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे बॉट, आपोआप फॉर्म भरत सुटणारे प्रोग्राम. ते रात्रीतून शेकडो पत्ते भरून जातात, आणि त्यातले बरेच खऱ्या माणसांचे असतात. त्या माणसांनी सोलापुरी टॉवेलचं नावही काढलेलं नसतं. तुमची ऑफर आली की ते एकच बटण दाबतात: स्पॅम.

फेब्रुवारी 2024 पासून जीमेलचा नियम आहे की स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या खाली हवं. म्हणजे हजार मेलमागे तीन तक्रारी झाल्या की तुम्ही काठावर. त्यानंतर ज्या गिऱ्हाइकाने खरंच दरपत्रक मागितलं होतं त्याचाही मेल स्पॅममध्ये जायला लागतो. एपीआयने नाव घालताना फरक एका शब्दाचा असतो. मेलचिंपमध्ये ‘सबस्क्राइब्ड’ पाठवलं तर माणूस सरळ यादीत. ‘पेंडिंग’ पाठवलं तर आधी त्याला पुष्टीचा मेल जातो. माझं मत विचाराल तर ‘पेंडिंग’च, आणि सोबत बॉटला अडवायला कॅप्चा, म्हणजे ‘मी रोबोट नाही’वाली चाचणी. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही टप्प्याटप्प्याने लागू होतोय. संमती मिळाली होती हे दाखवायची जबाबदारी त्यात माहिती घेणाऱ्यावर आहे. दाबलेल्या लिंकची तारीख-वेळ सेवेकडे आपोआप नोंदलेली राहते. तोंडी ‘त्यानेच दिला होता’ला काही अर्थ राहत नाही.

जुने पत्ते ओतण्याबद्दल फार लिहायला नको. प्रदर्शनात गोळा झालेलं व्हिजिटिंग कार्ड म्हणजे परवानगी नव्हे. त्यातले कित्येक पत्ते आता बंद असणार. मेल परत येत राहिले की सेवा तुमचं खातंच थांबवू शकते. ओळखीच्या जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून फॉर्मची लिंक द्या, विषय संपला.

दुकानाच्या जीमेलवरून पाठवायचा सल्ला मात्र दिसतो तितका साधा नाही. जीमेलचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून लावून दुसऱ्याच सेवेच्या सर्व्हरवरून मेल सोडला तर डीमार्कच्या, म्हणजे प्रेषकाचा पत्ता खरा आहे का बघणाऱ्या तपासणीत तो नापास होतो. स्वतःच्या डोमेनचा पत्ता हवा, आणि त्या डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) सेवेने दिलेल्या डीकेआयएमच्या (मेलवरच्या डिजिटल सहीच्या) नोंदी व डीमार्कची ओळ हवी. इथे एक चूक फार दिसते. एसपीएफ म्हणजे तुमच्या डोमेनवरून कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात ते सांगणारी ओळ. होस्टिंगवाल्याची ती ओळ आधीच असते, नवी सेवा आपली ओळ देते, आणि माणूस ती खाली चिकटवून मोकळा होतो. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते. दोन झाल्या की तपासणी एररमध्ये जाते, म्हणजे पहिली चालत होती तीही गेली. दोन्हींतला मजकूर एकाच ओळीत बसवायचा असतो.

राहिलं ‘नंतर बघायलाही नको’. महिन्यातून एकदा स्वतःच फॉर्म भरा. जीमेल असेल तर आपल्याच पत्त्यात ‘ॲट’च्या आधी अधिकचं चिन्ह आणि एखादा शब्द घाला, मेल तुमच्याच इनबॉक्समध्ये येतो, पण यादीला तो नवा माणूस वाटतो. पुष्टीचा मेल आला का, नाव यादीत पडलं का, अनसबस्क्राइब दाबल्यावर निघालं का, एवढं तपासा. होस्टिंग बदललंत तर त्याच दिवशी तपासा, कारण नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी जिथे असतात ते सर्व्हर) बदलताना डीकेआयएमच्या नोंदी जुन्या ठिकाणीच राहतात आणि वेबसाइट मात्र झकास चालू दिसते.