‘थंडीच चरबी जाळते’ : एका संदेशाचा प्रतिवाद

दिवाळी सरून पहाटेचा गारवा वाढला, की विदर्भातील गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: कडाक्याच्या थंडीत शरीर स्वतःला ऊब देण्यासाठी साठलेली चरबी जाळते, म्हणून पहाटे चार वाजता स्वेटर न घालता चालायला निघावे, घाम फुटेपर्यंत थांबू नये, डिंकाचे लाडू हिवाळ्यात अंगावर चढत नाहीत, ते मनसोक्त खावेत, शेतकऱ्याला वेगळ्या व्यायामाची गरजच नाही, आणि हे सारे पाळल्यास एकवीस दिवसांत सात किलो वजन उतरते. हा संदेश वाचून माणसे खरोखरच अंधारात घराबाहेर पडतात, म्हणून त्यातील विधाने एकेक करून तपासायला हवीत.

पहिल्या विधानात सत्याचा अंश आहे, हे आधी मान्य करतो. प्रौढ माणसाच्या मानेच्या मुळाशी, गळ्याच्या हाडांच्या वर आणि मणक्याच्या कडेने तपकिरी रंगाची एक वेगळी चरबी थोड्या प्रमाणात असते, आणि थंडी लागली की ती इंधन जाळून केवळ उष्णता निर्माण करते. मोठ्या माणसांतही ती कार्यरत असते, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट झाले. मात्र तिची मात्रा फार अल्प असते. सौम्य थंडीत तासन्‌तास बसवलेल्या माणसांचा ऊर्जाखर्च दिवसाला साधारण शंभर-दोनशे किलोकॅलरींनीच वाढतो, आणि एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी साठलेल्या असतात. हुडहुडी भरली की खर्च बराच वाढतो, विश्रांतीच्या तुलनेत काही काळ पाचपटीपर्यंतही जातो. पण हुडहुडी भरलेला माणूस वजन उतरवण्यासाठी तसाच उभा राहत नाही, तो शेकोटी गाठतो किंवा गोधडीत शिरतो, आणि त्याने तसेच करायला हवे.

शिवाय या संदेशाचे दोन भाग एकमेकांना खोडून काढतात. झपाझप चालताना स्नायू जी ऊर्जा खर्चतात, तिचा जेमतेम चौथा हिस्सा प्रत्यक्ष हालचालीच्या कामी येतो आणि उरलेल्याची उष्णता होते. म्हणूनच गावाच्या वेशीपासून फर्लांगभर चालल्यावर मफलर सैल करावासा वाटतो. जो चालतो आहे त्याचे शरीर चालण्यानेच तापते, त्यामुळे थंडीने चरबी जाळण्याची वेळच त्याच्यावर येत नाही. जे काही जळते ते चालण्याने जळते, आणि ते स्वेटर घालूनही तितकेच जळते.

आता पहाटे चारच्या आग्रहाविषयी. संपूर्ण संदेशातील हा भाग मला सर्वांत आक्षेपार्ह वाटतो, कारण बाकीच्या चुकांनी फार तर वजन कमी होणार नाही, या चुकीने मात्र जीव जाऊ शकतो. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरचा भार वाढतो; हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात आणि दिवसाच्या पहिल्या प्रहरांत अधिक येतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्याला रक्तदाब किंवा मधुमेह आहे, किंवा ज्याने चाळिशी ओलांडेपर्यंत कधी तपासणीच केलेली नाही, अशा माणसाला अंथरुणातून उठवून थेट गारठ्यात वेगाने चालायला लावणे हा सल्ला नव्हे, जुगार आहे. चालताना छातीत दाब जाणवला, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, अकारण दम लागला, तर तिथेच थांबून १०८ क्रमांकावर फोन करावा. ‘पित्त झाले असेल’ म्हणून घरी येऊन झोपू नये.

विदर्भात याच्या जोडीला आणखी कारणे आहेत. पूर्वेकडील जिल्ह्यांत, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया आणि भंडारा या पट्ट्यात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. गारठा, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम या तिन्हींमुळे या आजारात असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि उघड्या अंगाने पहाटे घाम गाळण्याचा हा संदेश नेमक्या त्याच तीन गोष्टी करायला सांगतो. देशपातळीवर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे आणि तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून होते; ज्याच्या घरात हा आजार आहे, त्याने असे संदेश पुढे ढकलण्याआधी दोनदा विचार करावा. दुसरे कारण वाघाचे आहे. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत जंगलालगत अंधारात एकट्याने फिरू नये, असे वनविभाग वारंवार बजावतो, तेव्हा तिथल्या माणसाला पहाटे चारची शिफारस करणाऱ्याला हा मुलूखच माहीत नसावा. तिसरे कारण धुराचे. पानठेल्यापाशी रात्री पेटवलेल्या तुराट्या-पऱ्हाट्यांचा (तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्यांचा), आणि अनेकदा जुन्या टायरचा, धूर गारठ्यामुळे वर न जाता नाल्याच्या काठाने आडवा पसरून राहतो. सूर्य वर येऊन जमीन तापेपर्यंत तो हलत नाही. दम्याच्या माणसाने त्या पट्ट्यातून जोराने श्वास घेत जाणे टाळलेलेच बरे. पोलीस भरतीच्या तयारीतील पोरे १६०० मीटरचा सराव करत अंधारातच रस्त्यावर पळतात, हे खरे. पण ती विशीतली असतात, आणि समोरून येणाऱ्या कापसाच्या गाडीला दिवा नसतो, ही अडचण त्यांनाही सुटलेली नाही.

मुळात इतक्या लवकर उठण्याची आपल्याकडे गरजच काय? नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण अशा पहाटा क्वचित येतात. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान सहसा १२-१३ अंशांच्या आसपास राहते आणि दुपारी ते २८ अंशांपर्यंत चढते. मे महिन्यात ४५ अंशांत होरपळणाऱ्या प्रदेशाला अंग हलवण्यासाठी याहून चांगला हंगाम मिळत नाही. सकाळी आठनंतर किंवा दुपारी चारला, कान झाकून, पहिली दहा मिनिटे सावकाश आणि मग बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे अशा हालचालीची आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची शिफारस करते. त्यासाठी उठाबशा आणि भिंतीला टेकून काढलेले दंड पुरतात.

घामाच्या दाव्यावर फार शब्द खर्चण्याचे कारण नाही. घाम म्हणजे पाणी आणि मीठ, आणि त्याने उतरलेले वजन दोन तांबे पाणी पिताच परत येते. १० किलो चरबी जळते तेव्हा त्यातील सुमारे ८.४ किलो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने श्वासावाटे बाहेर जाते आणि उरलेल्याचे पाणी होते. पोटाला प्लॅस्टिक गुंडाळून फिरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी मात्र आठवणीने प्यावे.

लाडवांविषयी बोलणे जिवावर येते, कारण ते मलाही आवडतात. तूप, गूळ, खोबरे आणि खारीक घातलेल्या ५० ग्रॅमच्या एका लाडवातून साधारण २५० किलोकॅलरी मिळतात, आणि ७० किलो वजनाच्या माणसाला तेवढ्या खर्चायला चार-पाच किलोमीटर चालावे लागते. हिवाळ्यात ‘पचते’ हे खरेच. पण पचले याचा अर्थ ते शरीरात गेले असा होतो, नाहीसे झाले असा नव्हे. बाळंतिणीसाठी केलेल्या डब्यातून घरातील कर्त्या पुरुषाने रोज दोन उचलायचे आणि वजनाचा दोष थंडीला द्यायचा, हे चित्र घरोघरी दिसते. त्याच दिवसांत सोल्यांची (तुरीच्या ओल्या दाण्यांची) भाजी, हिरवा हरभरा, मेथी, पालक आणि बोरे मुबलक असतात; पोट त्यांनीही भरते.

शेतकऱ्याला व्यायाम नको, हे विधान अर्धेमुर्धे आहे. किलोमागे मजुरी घेऊन दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला व्यायामाचा उपदेश करणे क्रूरपणाचे आहे. तिला विश्रांती आणि पोटभर सकस अन्न हवे. हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रीची लाईन (शेतपंपाची वीज) सांभाळणाऱ्याची गरज पुरेशी झोप ही आहे, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते. परंतु मोटारसायकलने बांधापर्यंत जाऊन मजुरांवर देखरेख करणारा मालक, कृषी केंद्राचा दुकानदार आणि शाळेतले गुरुजी हेही स्वतःला शेतकरीच म्हणवतात. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर सातबारा कुणाच्या नावावर आहे याने काही फरक पडत नाही.

राहिला एकवीस दिवसांत सात किलोंचा हिशेब. सात किलो चरबी म्हणजे सुमारे ५४,००० किलोकॅलरी, म्हणजेच दिवसाला अडीच हजारांहून अधिक तूट. बहुतेक माणसांचा दिवसाचा एकूण खर्चही तेवढ्याच्या आतबाहेर असतो. तेव्हा हे साधायचे तर तीन आठवडे अन्नाला शिवताच येणार नाही. आहार थोडा आवरून आणि रोज चालून आठवड्याला अर्धा किलो उतरणे शक्य आहे, आणि त्या वेगाने दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत चार-पाच किलो कमी होतात. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी उपाशीपोटी आणि दर वेळी त्याच काट्यावर पाहावे.