हॅगल कोण करतं आणि निगोशिएट कोण करतं

शेक्सपिअरच्या ‘हेन्री द फिफ्थ’ या नाटकात फ्रेंचांशी अ‍ॅजिनकोर्टची लढाई अजून चालू असताना एक्सेटर हा सरदार इंग्लंडच्या राजाला यॉर्क आणि सफोक हे दोन सरदार कसे पडले ते सांगतो. आधी सफोक गेला. मग यॉर्क रक्तात पडलेल्या मित्रापाशी पोचला, तेव्हा तो स्वतःही ‘ऑल हॅगल्ड ओव्हर’ होता, म्हणजे वार लागून लागून अंगाची चाळण झालेला. नाटक १५९९ च्या सुमाराचं. आज ‘हॅगल’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुकानदाराशी भावावरून घासाघीस करणारं गिऱ्हाईक येतं. हा अर्थ इंग्रजीत रुळला तोही साधारण त्याच काळात.

शब्द मुळात स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स लोकांचा. नवव्या शतकात त्यांनी इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात बस्तान बसवलं आणि मागे कितीतरी शब्द ठेवले. त्यांच्या भाषेत ‘हॉग्वा’ म्हणजे घाव घालणं, तोडणं. त्यावरून इंग्रजीत ‘हॅग’ आलं आणि एकच क्रिया पुन्हा पुन्हा होते हे दाखवणारं शेपूट लागून ‘हॅगल’ झालं. बोथट सुरीने मांस ओबडधोबड कापणं, एका घावात न तुटणारी गोष्ट दहा घावांत तोडणं, असा त्याचा अर्थ. तिथून भावाकडे येणं अवघड नव्हतं. समोरच्याने सांगितलेल्या किमतीचा थोडा थोडा लचका तोडत राहायचं.

मला यात रस आहे तो व्युत्पत्तीच्या गमतीसाठी नाही. इंग्रजीत किमतीची बोलणी करण्याला इतके शब्द आहेत आणि त्यातले बरेचसे काळाबरोबर घसरत गेलेत. ‘चीप’ घ्या. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ व्यापार, सौदा. लंडनचं चीपसाइड म्हणजे बाजारपेठच. शेक्सपिअरच्या काळी ‘चीपन’ म्हणजे भाव विचारणं, सौदा करणं. आज ‘चीपन’ म्हणजे किंमत घालवणं, हलकं करणं. ज्या माणसांना पोटासाठी रोज सौदा करावा लागला, त्यांच्याबद्दलचा तिटकारा त्यांच्या शब्दांना चिकटला, असं माझं ठाम मत आहे.

‘हॅगल’चं धाकटं भावंड ‘हिगल’ पाहा. त्यावरून ‘हिगलर’ झाला. हा माणूस गाडी किंवा घोडं घेऊन खेड्यापाड्यांतून अंडी, लोणी, कोंबड्या गोळा करायचा, शहरात नेऊन विकायचा आणि परतताना शहरातल्या दुकानांतला किरकोळ माल खेड्यात आणायचा. त्याच्याशिवाय शहराच्या ताटात अंडं पडत नव्हतं. तरी लोकांच्या लेखी तो लबाड. अशा मधल्या व्यापाऱ्यांवर कायद्याचाही राग होता. १५५२ च्या इंग्रजी कायद्यानुसार बाजारात धान्य किंवा खाण्याचा माल घेऊन तो त्याच बाजारात किंवा चार मैलांच्या आत पुन्हा विकणं हा गुन्हा होता. तिसऱ्यांदा सापडला तर माणसाला भर बाजारात खोड्यात अडकवून उभं करत, त्याचा सगळा माल जप्त होई, शिवाय तुरुंग. टंचाईच्या दिवसांत साठेबाजांचा राग येणं मी समजू शकतो. पण टोपलीभर अंडी विकणारा आणि गोदाम भरून ठेवणारा हे दोघेही एकाच संशयात भरडले जात. तो कायदा १७७२ मध्ये रद्द झाला. चार वर्षांनी अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने ‘द वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात लिहिलं की लोकांची ही भीती जादूटोण्याच्या भीतीसारखीच आहे.

त्याच ग्रंथात स्मिथने ‘हिगलिंग’ला मान दिला. एका माणसाचे कष्ट दुसऱ्याच्या कष्टांच्या तुलनेत किती मोलाचे, हे मोजायला कोणतंही अचूक माप नाही, ते बाजारातल्या ‘हिगलिंग अँड बार्गेनिंग’मधून ठरतं, असं तो म्हणतो. शब्दावर बसलेला गावंढळपणाचा शिक्का पुसून त्याने तो थेट अर्थशास्त्राच्या मध्यभागी आणून ठेवला.

मग एकच ठरलेली किंमत सांगणारी दुकानं आली. आपल्याला ती आधुनिक वाटतात, पण त्यांचा उगम धर्मात आहे. सतराव्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना वाटे की आधी चढा भाव सांगायचा आणि मग उतरायचं, हे खोटं बोलणंच आहे. म्हणून ते एकच भाव सांगत. पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स लिहितो की या लोकांच्या दुकानात लहान मूल पाठवलं तरी त्याला मोठ्या माणसासारखीच वागणूक मिळते. याबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्याला बोलता येत नाही, ज्याला भाव माहीत नाही, त्याचं संरक्षण त्यात होतं.

एकोणिसाव्या शतकात मात्र हीच कल्पना वेगळ्या कामाला लागली. ए. टी. स्ट्युअर्टने १८४६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर संगमरवरी दुकान उघडलं, पुढे पॅरिसचं बाँ मार्शे आलं. एवढ्या मोठ्या दुकानात विकणारे पगारी नोकर. भाव कुठे सोडायचा आणि कुठे धरायचा, हे मालक त्यांच्यावर कसं सोडणार? म्हणून भावाची चिठ्ठी मालाला लागली. गिऱ्हाइकाला त्रास वाचला हे खरं, पण किंमत ठरवण्याचा अधिकार काउंटरवरून उठून वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेला. तिथून पुढे भाव करणं म्हणजे गरिबाचं, अडाण्याचं, परक्या मुलखातल्या बाजारातलं काम ठरलं.

पण वरच्या मजल्यावर भाव करणं थांबलं होतं का? मुळीच नाही. तिथे त्याला ‘निगोशिएट’ म्हणायचे, आजही म्हणतात. लॅटिनमध्ये हा शब्द ‘निवांतपणा नसणं’ अशा अर्थाचा, म्हणजे कामकाज, उद्योग. कंपनी कंपनीला विकत घेते तेव्हा दोन्ही बाजू महिनोन्‌महिने एकमेकींचे लचके तोडत असतात, पण त्याला कोणी हॅगल म्हणत नाही. ते शिकवायला मॅनेजमेंटच्या कॉलेजात वर्ग असतात. पगाराच्या बोलणीत चार पैसे जास्त मागणारा हुशार आणि फुटपाथवर पाच रुपयांवर अडून बसलेली भाजीवाली कटकटी! मला याचा राग येतो. क्रिया तीच आहे, फक्त करणारा माणूस बदलला.

जमैका या कॅरिबियन बेटावर ‘हिगलर’ या शब्दाचं वेगळंच झालं. तिथले गुलाम डोंगरउतारावरच्या तुकड्यांवर स्वतःपुरतं कंद, केळी, भाजी पिकवायचे आणि उरलेलं रविवारच्या बाजारात विकायचे. त्या बाजारात बायका पुढे होत्या. १८३८ मध्ये पूर्ण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा बेटाचं पोट भरणारी ही व्यवस्था तयारच होती. ‘हिगलर’ हे नाव तिथे या बायकांना मिळालं. नात्यातल्या मोठ्या बाईकडून धाकटीकडे धंदा जायचा, आणि त्यावर कित्येक घरं चालली, मुलं शिकली. पुढे काही हिगलर विमानाने मायामीला, पनामाला जाऊन कपडे, चपला आणून विकू लागल्या, तेव्हा १९८० च्या दशकात सरकारने त्यांना ‘इन्फॉर्मल कमर्शियल इम्पोर्टर’ असं भारदस्त नाव दिलं. लोक मात्र हिगलरच म्हणत राहिले.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते बिअ‍ॅट्रिस आणि सिडनी वेब या इंग्रज अभ्यासक जोडप्याचं लिखाण. ‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’, म्हणजे कामगारांनी एकत्र येऊन सौदा करणं, हा शब्दप्रयोग बिअ‍ॅट्रिसने १८९१ मध्ये रूढ केला. १८९७ मध्ये दोघांनी कामगार संघटनांवर जाडजूड ग्रंथ काढला, त्यातल्या एका प्रकरणाचं नावच ‘द हिगलिंग ऑफ द मार्केट’. त्यात ते सौद्यांची अख्खी साखळी उलगडतात. गिऱ्हाईक किरकोळ दुकानदाराला दाबतं, तो ठोक व्यापाऱ्याला, ठोक व्यापारी कारखानदाराला आणि कारखानदार कामगाराला. प्रत्येक जण आपल्यावरचा दाब खालच्यावर ढकलू शकतो. एकटा कामगार तो कोणावर ढकलणार? कारखानदाराला एक कामगार कमी मिळाला तर फारसं बिघडत नाही, तो थांबू शकतो. कामगाराचा आजचा दिवस विकला गेला नाही तर तो कायमचा गेला, उद्या तो परत विकता येत नाही. थांबायची ताकद ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी सौदा हा नावालाच सौदा असतो.

म्हणून माझं भांडण भाव करण्याशी नाही. समोरचा थांबू शकतो का, एवढंच मी पाहतो. गाडी घेताना, घर घेताना, विमा कंपनीशी, बिल्डरशी खुशाल घासाघीस करा, दात-ओठ खाऊन करा. संध्याकाळी सात वाजता पाटीत चार जुड्या मेथी उरलेल्या बाईशी करू नका. ती मेथी सकाळपर्यंत पिवळी पडते, हे तुम्हालाही माहीत असतं आणि तिलाही.

आणि जिथे माणूस एकटा थांबू शकत नाही तिथे त्याने एकत्र थांबावं, हे वेब दांपत्याचं उत्तर मला आजही पटतं. ‘कलेक्टिव्ह बार्गेनिंग’ हा शब्द इंग्लंडात छापला जायच्या आधीच मुंबईत तो प्रत्यक्षात आला होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १० जून १८९० पासून रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. एकट्या कामगाराने मुकादमापुढे ती मागितली असती तर त्याला दाराबाहेर काढलं असतं.

आज मोबाइलवर ऑर्डर घेऊन डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला फेरीचे किती मिळणार हे अ‍ॅप सांगतं. पाऊस असो, ऊन असो, आकडा समोर येतो, खाली ‘स्वीकारा’चं बटण. कालच्यापेक्षा आजचा दर कमी का, हे विचारायला समोर माणूसच नसतो. हिगलरला निदान समोरच्याच्या तोंडावर ‘परवडत नाही’ म्हणता येत होतं. या मुलांच्या संघटना दर वाढवून मागतात, ते बरोबरच आहे. पण दर कसा ठरतो हे उघड करा आणि बोलणी करायला समोर माणूस बसवा, ही मागणी त्याहून मोठी आहे. माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे.