मानद सचिवाचा पेंग्विन

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. घेणं अवघड नसतं. चहा-सामोसे सांगितले की कोरम होतो. अवघड असतं ते इतिवृत्त. एका वेळी सातजण बोलत असतात, आठवा उभा राहून "मला बोलू दिलं जात नाही" असं मोठ्यानं बोलत असतो, आणि या सगळ्यातून सचिवानं "सांगोपांग चर्चेअंती सर्वानुमते ठरले की" अशी ओळ काढायची असते. तो सचिव मी.

यंदा मी सभा मोबाइलवर रेकॉर्ड केली. पुण्याचा पुतण्या म्हणाला, "काका, हल्ली हे एआय लिहून देतं. फाइल अपलोड करा, पाच मिनिटांत टाइप होऊन येईल." पण सी-विंगच्या पाण्याच्या मोटारीवरून त्या दिवशी जे शब्द वापरले गेले, ते परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर जाऊन बसणं कमिटीला परवडण्यासारखं नव्हतं. तसं सांगितल्यावर तो जरा थांबला आणि उत्साहानं म्हणाला, "मग घरच्या घरी चालवू! माझा जुना गेमिंग पीसी तुमच्याकडेच पडलाय ना? त्यात ग्राफिक्स कार्ड आहे. लिनक्स टाकू." लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी संगणक प्रणाली, बोधचिन्ह पेंग्विन. 'टाकू' हे अनेकवचन फोनवरच राहिलं. टाकायला मी एकटाच होतो.

पेनड्राइव्हवर उबुंटू हा लिनक्सचा एक अवतार घेतला. आवृत्ती 24.04, म्हणजे 2024 सालचा एप्रिल. इतका सरळ हिशेब पाहून मला धीर आला. हिचं टोपणनाव मात्र 'नोबल नम्बॅट'. नम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा प्राणी. आमच्या मीटर रूमच्या दाराची अवस्था पाहता मला तो शुभशकुन वाटला.

इन्स्टॉलरनं राहण्याचं ठिकाण विचारलं. भारताच्या नकाशावर टिचकी मारली की कोलकाता येतं. मुंबईवर मारा, नागपूरवर मारा, कोलकाताच. इथं बसून बंगालची वेळ पाळायची हे मान्य केलं. त्याआधी त्यानं विचारलं होतं, सगळी डिस्क पुसून टाकू की विंडोजच्या शेजारी राहू? मागून ही म्हणाली, "अहो, त्यात मुंजीचे फोटो आहेत हं." मी शेजारधर्म निवडला.

ग्राफिक्स कार्ड हे या प्रकरणातलं मोठं प्रस्थ. एआयचं सगळं जड काम तेच करतं, आणि त्याला चालवायला त्याच्याच कंपनीचा ड्रायव्हर लागतो. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स यानं 2012 साली फिनलंडमधल्या एका विद्यापीठात, भर कार्यक्रमात, कॅमेऱ्याकडे बघून एका ग्राफिक्स कार्ड कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं. आधी मला तो माणूस उद्धट वाटायचा. ड्रायव्हर टाकायला घेतल्यापासून तो संयमी वाटायला लागला.

तर ड्रायव्हर टाकला. मग मशीन म्हणालं, सिक्युअर बूट चालू आहे, परक्या ड्रायव्हरला आत घ्यायचं तर एक नवा पासवर्ड ठेवा आणि रीस्टार्ट करा. रीस्टार्ट केल्यावर निळा पडदा येतो आणि दहा सेकंदांच्या आत कोणतीही कळ दाबा म्हणतो. नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात बी-विंगचे काका, हातात मेंटेनन्सचं बिल, आणि बिलावर लाल पेनानं घातलेला गोल. ते गेले तोवर निळा पडदाही गेला होता. ड्रायव्हर डिस्कवर होता, पण त्याला आत घ्यायची परवानगी कोणी दिलेली नव्हती. म्हणजे सोसायटीत राहतो, पण भाग दाखल्यावर नाव नाही.

दुसऱ्या खेपेला हिला दारावर बसवलं आणि काम झालं.

त्यानंतर टर्मिनल. काळी चौकट, तिच्यात आज्ञा टाइप करायच्या. प्रत्येक महत्त्वाच्या आज्ञेआधी 'सुडो' (म्हणजे 'मालकाच्या अधिकारानं कर') लिहायचं आणि पासवर्ड द्यायचा. तो टाइप करताना पडद्यावर काहीही उमटत नाही. टिंब नाही, चांदणी नाही, कर्सरसुद्धा हलत नाही. ही खांद्यावरून बघत म्हणाली, "कीबोर्ड बिघडला वाटतं. नुसतेच बडवताय." बघणाऱ्याला पासवर्ड किती अक्षरी आहे तेही कळू नये म्हणून ही व्यवस्था, हे मी तिला समजावलं. "पण घरात मी एकटीच आहे बघणारी," ती म्हणाली. हा मुद्दा युनिक्स बनवणाऱ्यांच्या डोक्यात आला नसावा.

मग पायथन, म्हणजे प्रोग्रॅम लिहायची एक भाषा. त्याच्या एका पॅकेजसाठी पुतण्यानं व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ओळ टाकली, तर उत्तर आलं की हे पायथन तुमचं नाही, सिस्टिमचं आहे, यात बाहेरचं काही टाकू नका, वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा, करा. आणि खाली चक्क लिहिलेलं, की ऐकायचंच नसेल तर आज्ञेपुढे 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं जोडा. इतकं स्वच्छ प्रशासन मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. आमच्या बायलॉजमध्ये असं एक कलम हवं. बाल्कनीला काचा बसवू नयेत, बसवायच्याच असतील तर अर्जावर 'मी इमारत पाडतो आहे' असं लिहून सही करावी.

वेगळं एन्व्हायर्न्मेंट केलं. त्यात दोनेक जीबी उतरलं, आणि शेवटी पायथननं सांगितलं, ग्राफिक्स कार्ड सापडत नाही. कार्ड तर समोर होतं, पंखे फिरत होते! इथून पुढचा प्रकार थेट आमच्या गळतीच्या तक्रारीसारखा झाला. खालचा म्हणतो वरच्याच्या बाथरूममधून पाणी येतं, वरचा म्हणतो प्लंबर बोलवा, प्लंबर म्हणतो टाइल्सवाल्यानं वाट लावली, टाइल्सवाला म्हणतो बिल्डरला विचारा, आणि बिल्डर फोन उचलत नाही. ड्रायव्हर म्हणे मी ठीक आहे. लायब्ररी म्हणे ड्रायव्हर जुना आहे. ड्रायव्हर नवा केला, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रात्रीत आपोआप अपडेट झालेला. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि छतातून पाणी चालूच. फरक एवढाच की इथं नोटीस काढता येत नाही.

पुतण्यानं शेवटी स्क्रीन शेअर करून काहीतरी केलं. काय केलं ते त्यालाही सांगता आलं नाही.

दरम्यान हिनं सकाळी सातला विंडोज लावलं, तर घड्याळात रात्रीचा दीड. विंडोज मशीनच्या आतल्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स तिथं जागतिक वेळ लिहून ठेवतं, आणि आपल्याकडे दोन्हींत साडेपाच तासांचा फरक. चूक दोघांचीही नाही. लिनक्सला एका ओळीत स्थानिक वेळ पाळायला सांगता येतं. पण ती ओळ सापडेपर्यंत आमच्या घरात रोज मध्यरात्री पोहे होत होते.

अखेर मॉडेल, म्हणजे बोलणं ऐकून लिहून काढणारं एआय. व्हिस्पर नावाचं, 2022 साली फुकट खुलं केलेलं, 6 लाख 80 हजार तासांच्या आवाजावर शिकलेलं. मोठ्याला कार्डावर सुमारे 10 जीबी मेमरी लागते, आमच्याकडे 8. म्हणून मध्यम घेतलं, ते 5 मध्ये भागतं. फाइल दिली. पंखे घोंगावले, खोली तापली, आणि पडद्यावर ओळी येऊ लागल्या.

सगळी सभा हिंदीत झाली होती. भाषा सांगितली नाही तर हे मॉडेल पहिल्या 30 सेकंदांवरून ओळखतं, आणि आमच्या पहिल्या 30 सेकंदांत वॉचमनला खुर्च्या कुठे मांडायच्या ते हिंदीत सांगणं चाललं होतं. मराठी असं बजावून पुन्हा चालवलं. आता सभा मराठीत आली. सी-विंगचा मटार नादुरुस्त होता आणि सिंह किंग फंडात पैसे नव्हते, पण मला कळलं. सात-सात जण एकदम बोलले तिथं त्यानं एकाचंच लिहून घेतलं होतं. इतकी वर्षं मीही तेच करत आलो होतो.

एक खोड मात्र आधी कोणी सांगितली नव्हती. कोणी बोलत नसलं, नुसता पंख्याचा आवाज असला, की हे मॉडेल गप्प बसत नाही. मनचं काहीतरी लिहितं. आमच्या सभेत शांतता फक्त एकदाच पसरली होती. "पुढच्या वर्षासाठी सचिवपदाला कोण तयार आहे?" असं मी विचारलं तेव्हा. त्या प्रश्नाखाली कागदावर आलं होतं :

"धन्यवाद. धन्यवाद. धन्यवाद."

मसुदा कमिटीत वाचला गेला. अध्यक्षांनी चष्मा पुसला, ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "वा, म्हणजे सभेनं विद्यमान सचिवांचे आभार मानून मुदतवाढ दिलेली दिसते. सर्वानुमते?"

हे मात्र खरोखरच सर्वानुमते झालं.