एक स्टार मिळालेल्या झेड-फोरबद्दल

नमस्कार मालक,

आमच्या गॅरेजला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण पोरानं हातातून फोन काढून घेतला, म्हणाला सकाळी लिहा. बरं झालं. आता जॉबकार्ड पुढ्यात ठेवून लिहितोय.

तुमचं म्हणणं असं की, बीएमडब्ल्यू झेड-फोरला कॉइलओव्हर, म्हणजे उंची खालीवर करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, बसवूनही तुळजापूरच्या घाटात गाडी वळणावर पुढून बाहेर जाते. खड्डा आला की कमरेत कळ येते. सात रस्ता ते विजापूर नाका एक स्पीडब्रेकर न घासता पार होत नाही. पुढं ६ किलोचं (एक मिलिमीटर दाबायला ६ किलो लागणारं) आणि मागं १० किलोचं स्प्रिंग टाकलंय म्हणजे आम्ही उलटंच बसवलं. पुण्यातल्या मित्राच्या गाडीला हेच किट असून ती भन्नाट चालते, तेव्हा सोलापुरात यातलं कुणाला काही कळत नाही.

गाडी तुम्ही म्हणता तशीच चालत असणार, त्याबद्दल वाद नाही. त्यातल्या दोन गोष्टी माझ्या पदरात पडतात, त्या आधी सांगतो.

तुम्ही चाक आणि फेंडरमध्ये एक बोट फट मागितली. मी दोन बोटं म्हणालो, तुम्ही फोटो दाखवला, आणि मी गाडी ४० मिलिमीटर खाली घेतली. तिथंच नाही म्हणायला पाहिजे होतं. या गाडीला पुढं मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात आणि खालून चाक धरणारा लोअर आर्म. फार खाली घेतली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर चढतं, आणि रोल सेंटर, म्हणजे गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या वजनाच्या मध्यापेक्षा जास्त खाली जातो. दिसायला गाडी बुटकी, पण वळणात तिला कलवणारा जोर कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. शिवाय शॉकअपला दबायला जागा उरत नाही ते वेगळंच. वळणात बाहेरची बाजू आधीच दबलेली असते, त्यात खड्डा आला की शॉकअप बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, टेकतो. त्या क्षणाला स्प्रिंग जवळजवळ दगड होतो आणि पुढचं बाहेरचं टायर पकड सोडतं. घाटात तुम्हाला जाणवलं ते बहुतेक हेच.

दुसरं म्हणजे किटबरोबर तुम्ही आणलेला पुढचा जाड स्टॅबिलायझर बार, म्हणजे डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं रोखणारा दांडा. हातात घेतला तर फार फरक वाटत नाही ओ, पण भरीव बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. २४ मिलिमीटरच्या जागी २७चा टाकला की तो दीडपटीहून जास्त ताठ होतो. नुसता पुढचा बार ताठ केला की गाडी कमी कलते, हे खरं. पण वळणातला भार मागच्यापेक्षा पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त पडतो आणि नाक सरळ पळायला बघतं. त्यात तुमच्या गाडीला पुढं २२५ आणि मागं २५५चे टायर, म्हणजे तिला ती सवय आधीपासूनच. बसवताना मी हे तोंडानं बोललो, कार्डावर लिहिलं नाही. लिहायला हवं होतं.

स्प्रिंग मात्र उलटी नाहीत. पुढचं स्प्रिंग स्ट्रटवरच असतं, त्यामुळं चाकाला त्याचा जवळजवळ पूर्ण जोर मिळतो. मागचं शॉकअपपासून वेगळं, आर्मवर आतल्या बाजूला बसतं. आर्मच्या आतल्या सांध्यापासून चाकापर्यंतच्या अंतरात ते दहातल्या सहावर आहे असं धरा, तर त्या ०.६चा वर्ग करावा लागतो, ०.३६. मग १० किलोचं स्प्रिंग चाकाला ३.६ किलोचंच लागतं. खोक्यावरचे आकडे शेजारी शेजारी ठेवून गाडी कळत नाही.

आता तुमच्याकडचं. कार्डावर पहिल्याच ओळीत मी लिहिलंय, 'टायर २३१७'. म्हणजे २०१७ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेले. नक्षी भरपूर आहे, पण रबर नखानं दाबलं तरी दबत नव्हतं, तुमच्यासमोरच बघितलं की. वरून रनफ्लॅट, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, त्यांच्या बाजूच्या भिंती मुळातच कडक. कमरेतली निम्मी कळ तिथली आहे. तुम्ही म्हणालात, टायर दिवाळीला बघू. मागच्या आर्मचे बुश, म्हणजे सांध्यातली रबरं, फाटलेत हेही सांगितलं, तेही दिवाळीवर गेलं. फाटक्या बुशावर केलेलं अलाइनमेंट रॅम्पवरच बरोबर दिसतं. रस्त्यावर ब्रेक लावला की चाक हवं तिकडं तोंड करतं.

आणि गाडी नेल्यावर तिसऱ्या दिवशी तुमचा मेसेज आला, 'चारही नॉब फुल हार्ड केले'. त्या नॉबनं शॉकअप कडक-मऊ होतो, तसं करू नका हो. शॉकअप इतका घट्ट झाला की चाक रस्त्याचा उंचसखलपणा धरत नाही, त्यावरून उड्या मारत जातं.

मित्राच्या गाडीचा फोटो मी नीट बघितलाय. दोन बोटं फट आहे आणि टायर नवे, साधे, रनफ्लॅट नाहीत.

माझ्याकडं कुणी मोकळ्या मनानं विचारलं तर मी टायर आणि बुशापासून सुरू करतो, मग अलाइनमेंट. एवढ्यावरच निम्मे लोक खूश होऊन जातात. त्यानंतर शॉकअप-स्प्रिंग, बार सगळ्यात शेवटी. तुम्ही शेवटून सुरुवात केलीत आणि मी करू दिली.

गाडी घेऊन या. उंची २० मिलिमीटर वर घेतो, कंपनीचा बार परत बसवतो, नॉब मधोमध आणतो, अलाइनमेंट पुन्हा करतो. मजुरीचा एक रुपया घेणार नाही. टायर आणि बुश तुमच्या खर्चानं, कुठूनही घ्या. मग घाटात आपण दोघं जाऊ, स्टिअरिंग तुमच्याच हातात.

सकाळी आठच्या आत या. हवा थंड टायरला मोजायची असते. तापमान १० अंशांनी चढलं की दीड पीएसआयच्या आसपास वाढ दिसते, आणि आपल्याकडं दहा वाजले की ऊन काय होतं ते सांगायला नको. जुना बार माळ्यावर टाकलाय म्हणाला होतात, तेवढा आठवणीनं डिकीत घाला.