थुजा घे, जाईल!

कुणाच्या हातावर चामखीळ दिसली की आपल्याकडे पाच मिनिटांत तीन डॉक्टर तयार होतात. एक म्हणतो घोड्याच्या शेपटीचा केस घट्ट बांध, दुसरी म्हणते चुना नि सोडा लाव (प्लीज नका लावू, कातडी भाजते), आणि तिसरं कुणीतरी एकदम ठाम आवाजात सांगतं, थुजा (त्याच नावाच्या झाडापासून केलेलं होमिओपॅथीचं औषध) घे, जाईल. आमच्याकडे हे काम मावशीकडे. पर्समध्ये कायम पांढऱ्या गोळ्यांची बाटली, "हात लावायचा नाही हं, झाकणात घे आणि थेट जिभेवर टाक, कच्चा कांदा नि कॉफी बंद". आणि भाच्याच्या बोटावरच्या चामखिळी गेल्या बरं का. गोळ्या चालू होत्या आणि चामखिळी गेल्या, एवढं खरं. पण गोळ्यांमुळे गेल्या का, हे घरात बसून कळायला काही मार्गच नाही.

कारण चामखीळ येते एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे, आणि शरीराच्या एकदा ते लक्षात आलं की ती आपली आपणच जाते, मुलांमध्ये तर दोनेक वर्षांत बहुतेकांची जाते. आता त्या काळात तुम्ही थुजा घ्या नाहीतर मारुतीला तेल घाला, जे चालू असेल त्याला श्रेय.

मग तपासायचं कसं? कॅनडात क्युबेकला डॉक्टरांनी तपासलं, 1992 मध्ये छापून आलं. पायाच्या तळव्यावर चामखीळ (आपण जिला बऱ्याचदा कुरूप समजून ब्लेडने तासत बसतो ती) असलेले 174 जण. अर्ध्यांना थुजा, अँटिमोनियम क्रूडम आणि नायट्रिक ॲसिड, म्हणजे नेहमीची होमिओपॅथी औषधं, आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या गोळ्या, कुणाला काय मिळालंय ते ना पेशंटला माहीत ना डॉक्टरला. सहा आठवडे औषध दिलं. अठराव्या आठवड्यात होमिओपॅथीवाल्यांपैकी 20 टक्के बरे, आणि नुसत्या गोळ्या खाणाऱ्यांपैकी 24 टक्के!

यावर लगेच उत्तर येतं की होमिओपॅथीत सगळ्यांना एकच औषध चालत नाही, प्रकृती बघावी लागते. मुद्दा रास्त आहे. म्हणून 1996 चा ऑस्ट्रियातला अभ्यास बघा, 60 मुलं, प्रत्येकाला त्याच्यासाठी निवडलेलं औषध. चामखिळी निम्म्याने तरी कमी झाल्या अशी मुलं औषधाच्या गटात 30 पैकी 9, बिनऔषधाच्या गोळ्यांच्या गटात 30 पैकी 7. पूर्ण बरे झालेले 5 आणि 1, आणि हाच आकडा तेवढा उचलून नाचणारे भेटतील, पण एवढ्याशा मुलांत असा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो.

आणि होमिओपॅथीत पोटेन्सी म्हणजे औषध किती पातळ केलंय त्याचं माप; 30 पोटेन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं, तेही तीस वेळा. बाराव्या वेळेनंतरच मूळ झाडाचा एखादा रेणूही उरण्याची शक्यता जवळपास संपते, त्यामुळे मला तरी हे निकाल वाचून नवल वाटलं नाही.

मावशीशी भांडायला मी जात नाही, गोळ्या गोड असतात आणि मुलं रडत नाहीत. घाई असेल तर सॅलिसिलिक ॲसिड आहे, रोज कोमट पाण्यात भिजवून, घासून, चिकाटीने लावायचं, कंटाळवाणं काम आहे पण उपयोग होतो. चेहऱ्यावर किंवा नाजूक जागी लावू नका, आणि डायबेटिस असलेल्यांनी पायावर स्वतः काहीही प्रयोग न करता सरळ स्किनच्या डॉक्टरकडे जावं.

आता खाली "माझी तर थुजानेच गेली" लिहिणार असाल तर जरूर लिहा, फक्त ती आली कधी होती तेही सांगा.